चांगला पत्रा लागेपर्यंत

देवाजीला नमस्कार केला तर तो नमस्कार परत करत नाही. "डिक्की दाखवा," म्हणतो. ज्याच्याजवळ गाडी नाही त्याला काहीच म्हणत नाही, नुसता पाहतो आणि पुढे जातो. पांढुर्ण्यात त्याला ओळखणारे लोक यामुळे दोन गटांत पडले आहेत. ज्यांची डिक्की त्याने पाहिली आहे ते एका गटात, आणि तो दिसला की पानठेल्यामागे जाणारे दुसऱ्या. मी बरीच वर्षं दुसऱ्या गटात होतो.

देवाजी डेंटर आहे, म्हणजे ठोकून ठोकून गाडीचा पत्रा सरळ करणारा. वय बासष्ट-त्रेसष्ट. सायकलच्या हँडलला कॅनव्हासची पिशवी, पिशवीत चार हातोड्या. माझ्यासारखे मास्तर शर्टाच्या खिशाला जिथे पेन लावतात तिथे त्याचा एक बारका स्क्रू ड्रायव्हर असतो. पण त्याचं खरं हत्यार म्हणजे उजव्या हाताची दोन बोटं. त्या बोटांनी तो पत्रा वाजवतो, डोळे मिटून ऐकतो आणि निकाल देतो. निकाल दोनच आहेत, "आहे" आणि "गेला". पत्रा चांगला असला तर आहे, आतून सडला असला तर गेला.

हे तो गाडीपुरतं करत असता तरी ठीक होतं. तो पिठाच्या चक्कीचा डबा वाजवतो, दुकानाचं शटर वाजवतो, दुसऱ्याच्या घरी पाणी प्यायला गेला तर पाण्याची टाकी वाजवतो. एका लग्नात त्याने वरातीच्या गाडीला बोटं लावली, डोळे मिटले आणि मान हलवून म्हणाला, "गेला." शेजारी उभ्या असलेल्या नवरीच्या मावशीने नवरदेवाकडे पाहिलं आणि ती खालीच बसली.

मी त्याच्या हाती सापडलो तो संत्र्यांमुळे.

माझी गाडी म्हणजे खरं तर बाबांची. ते पटवारी होते. नोकरी संपत आली तेव्हा त्यांनी ही पांढरी गाडी जुनीच घेतली, आणि दोन वर्षांपूर्वी ते गेले तेव्हा ती माझ्याकडे आली. बाबा तिला दर रविवारी धूत. मी ती पावसाला धुऊ देतो. माझी सासुरवाडी सौंसरची, सासऱ्यांचा संत्र्याचा बगिचा. पेरणीच्या दिवसांत मी डिक्कीत खताची पोती घालून तिकडे जायचो आणि दिवाळीनंतर संत्री घालून इकडे यायचो. मागच्या पावसाळ्यात डिक्कीतून वास यायला लागला. मी विचार केला आणि तिच्यात अगरबत्ती लावली.

पुढे तिच्या तळाला भोक दिसलं. लहान होतं. मी गणिताचा मास्तर, शाळेत हिंदीतून गणित शिकवतो आणि घरी मराठीतून चुकतो. मी भोक मोजलं. तेलाच्या पिप्याचा पत्रा कापला, मोबाइलवर तीन व्हिडिओ पाहिले, दोन रंगांची पुट्टी मळून तो तुकडा चिकटवला आणि गेटचा उरलेला चंदेरी रंग वरून फासला. मग सुनंदाला, म्हणजे बायकोला, बोलावून दाखवलं.

"छान दिसते," ती म्हणाली. "काय आहे ते?"

नोव्हेंबरात आम्ही दोघं सौंसरहून संत्री घेऊन निघालो. गावाबाहेर पडलो तसा एक मोटरसायकलवाला बाजूने येऊन हात हलवून गेला. जुना विद्यार्थी असेल म्हणून मीही हात हलवला. थोड्या वेळाने दुसरा आला, त्याने हॉर्न वाजवला, मागे बोट दाखवलं आणि हसला. मी सुनंदाला म्हटलं, "पाहिलं, लोक मान देतात अजून." तिसरा मात्र अगदी खिडकीला येऊन चालवत राहिला. त्याने काच खाली करायला सांगितलं आणि माझ्या मांडीवर एक संत्रं ठेवलं.

"सर, हे तुमचं आहे," तो म्हणाला. "मागं आनखी पडले आहेत, पन मले एवढंच धरता आलं."

उतरून पाहिलं. माझा चंदेरी तुकडा कुठे पडला ते देवाला माहीत. त्याच्यासोबत आजूबाजूचा पत्राही गेला होता. भोक आता बरोबर एका संत्र्याएवढं होतं, आणि मागच्या वळणापर्यंत रस्त्यावर संत्र्यांची ओळ होती. दोन बकऱ्या ती ओळ आमच्याकडे संपवत येत होत्या. एक बाई पदरात गोळा करत होती. तिने मला पाहिलं आणि दोन परत द्यायला निघाली. मी तिला राहू द्या म्हटलं.

बातमी माझ्या आधी पांढुर्ण्यात पोचली. दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी गेटला सायकल लावलेली आणि तिच्याशेजारी देवाजी.

"डिक्की उघडा, सर," तो म्हणाला. त्या दिवशी पळायला पानठेला जवळ नव्हता. मी उघडली.

त्याने स्टेपनी काढली, चटई काढली, गुडघ्यावर बसला आणि माझ्या पुट्टीचा उरलेला गोळा नखाने खरवडला.

"हे कोनं केलं?"

"असंच. एका माणसानं," मी म्हटलं.

"त्याले पुन्हा गाडीले हात लावू देऊ नका."

सुनंदा चहा घेऊन उभी होती. ती हसू दाबत होती, कपबशी हलत होती.

मग देवाजीने डिक्कीचा गंज वाचायला घेतला. वाचायलाच म्हणावं लागेल. "हा पावसाचा जंग नाई. हा खताचा जंग आहे. पोते ओले होते. इथं संत्र्याचं पानी मुरलं. अन् या कोपऱ्यात," तो वाकला, वास घेतला, "इथं मासोळीचं पानी सांडलं. एक डाव नाई, तीन-चार डाव. बोरगावकडून आनत होते काय, सर?"

जामसावळीला हनुमानाच्या पुढे उभा राहून मी मांसमच्छी सोडल्याला तेव्हा दीड वर्ष झालं होतं. निदान सुनंदाच्या माहितीप्रमाणे. तिने माझ्याकडे पाहिलं. मी स्टेपनीकडे पाहिलं.

"मित्राची होती," मी म्हटलं.

देवाजीला माझ्या संसाराशी देणंघेणं नव्हतं. तो डाव्या कोपऱ्याशी थांबला होता. तिथे त्याने वाजवलं, परत वाजवलं, आणि त्याचा आवाजच बदलला. "हे काम कोनाचं आहे? आजूबाजूचं सारं सडलं, पन एवढं शाबूत आहे. कोनी तरी ब्रशनं हळूहळू रंग लावून ठेवला इथं. साल-दर-साल."

"याच्या बाबानं."

आवाज दारातून आला. आई दाराची चौकट धरून उभी होती. "दिवाळीले घराच्या दारायले रंग देत. उरला का गाडीच्या खाली लावत. मी म्हनो, कोन पाहाते तिथं. तं म्हनत, पानी पाहाते."

"मग?" देवाजी म्हणाला.

आई जरा गोंधळली. बहुतेक तिला दोन वर्षांत कोणी "मग?" म्हटलं नव्हतं. बाबा गेल्यापासून ती आतल्या खोलीत असायची. जेवली का विचारलं तर हो, टीव्ही लावू का विचारलं तर नको. मी ते वयाच्या खात्यावर टाकून मोकळा झालो होतो. त्या सकाळी ती दारापर्यंत आली याचं मला नवल वाटायला हवं होतं. मी चहा प्यायलो.

काम उक्तं ठरलं. एक दिवस लागो की महिना, ठरलं तेवढंच. किती दिवस लागतील विचारलं तर देवाजी म्हणाला, "ते पत्र्याले विचारा."

त्याने आधी पेट्रोलची टाकी उतरवली. डिक्कीखालीच टाकी आणि आपण वरून आगीचं काम करणार, हे माझ्या तीन व्हिडिओंपैकी एकातही नव्हतं. मग ग्राइंडरने कापायला सुरुवात केली. मी आंगणात वेताचा मोडा टाकून बसलो, दवाखान्यात ऑपरेशनच्या खोलीबाहेर नातेवाईक बसतात तसा. संत्र्याएवढं भोक दुपारपर्यंत टरबुजाएवढं झालं.

"देवाजी, भोक बुजवायचं आहे ना?"

"हो जी."

"मग मोठं काहून करून राहिले?"

"चांगला पत्रा लागेपर्यंत कापा लागते, सर. सडलेल्या पत्र्याले नवा पत्रा जोडला तं तो कोनाले धरंन?" आणि त्याने आणखी वीतभर कापलं.

संध्याकाळी भोक परातीएवढं होतं. डिक्कीत डोकावलं की खालची फरशी दिसायची, फरशीवर शेजाऱ्यांची मांजर बसलेली दिसायची आणि ती वर माझ्याकडे पाहायची. मी रात्री जेवताना सुनंदाला म्हटलं की हा माणूस गाडी संपवून राहिला. ती म्हणाली, "तुम्ही मासोळीवर बोला."

मी शाळेतून साडेचारला घरी यायचो. पुढची गंमत बरीचशी मी नसताना व्हायची, आणि मी आलो की देवाजी मला कामाला लावायचा. पान्हा धरा, पाणी आणा, गोणपाट ओलं करा. त्याने जुन्या खोक्याच्या पुठ्ठ्याचं माप कापलं, पुठ्ठा डिक्कीत बसवून पाहिला, बारीक कातरला, परत बसवला. तो पुठ्ठा मग नव्या पत्र्यावर ठेवून खुणा केल्या. मी त्रेपन्नाव्या वर्षी पत्र्याचं दुसरं टोक धरून उभा असायचो आणि तो म्हणायचा, "सरळ धरा, सर. गनित शिकवता ना."

आणि सारा वेळ तो बोलायचा. कोणत्या गाडीत काय निघालं, कोणाच्या डिक्कीत लग्नाची पत्रिका सापडली आणि ते लग्न मोडून दहा वर्षं झाली होती. बोलणं माझ्याशी नसायचं, आईशी असायचं. ती आता रोज बाहेर येऊन बसत होती. पहिल्या दिवशी प्लास्टिकची खुर्ची दारात होती. मग पायरीखाली आली. मग जास्वंदीजवळ. रोज हातभर पुढे. हे सुनंदाने नंतर सांगितलं म्हणून लिहितो. मला तेव्हा एवढंच वाटलं होतं की सायकल आत घेताना खुर्ची आडवी येऊन राहिली.

"तुमचे साहेब गाडी कशी चालवत, माय?" एक दिवस देवाजीने विचारलं.

"चालवत कुठं? ढकलत होते. लोधीखेड्याच्या बाजाराले गेलो तं येताना बंद पडली. मले म्हनत, तू स्टेअरिंग धर, मी ढकलतो. मी कधी धरलं नव्हतं."

"मग?"

"मग काय, मी धरलं. ढकलता ढकलता ते पडले अन् गाडी सुरू झाली. मले थांबवता ये ना. ते मागून धावून राहिले, बाजारातले लोक मागून धावून राहिले."

"मग?"

"मग कडब्याच्या ढिगानं थांबवली."

ही गोष्ट मला माहीत नव्हती. त्रेपन्न वर्षं मी या बाईचा मुलगा आहे आणि तिने एकदा गाडी चालवली हे मला एका डेंटरच्या "मग?"मुळे कळलं.

नवा पत्रा बसला. त्याने कडा गॅसने जोडल्या, थोडंथोडं, एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने, म्हणजे पत्रा तापून वाकडा होऊ नये. जोड घासून असे सपाट केले की बोटाला लागत नव्हते. मला वाटलं झालं. देवाजी म्हणाला, "आत्ता तं निम्मं झालं. पानी कुठून आलं ते सापडलं नाई. ते नाई सापडलं तं हेही सडंन." आणि त्याने मला सांगितलं की डिक्कीत झोपा.

कारण सरळ होतं. बाहेरून पाणी मारायचं, आणि आत टॉर्च घेऊन कोणीतरी पाहायचं की थेंब कुठून येतो. देवाजीचा गुडघा छातीपर्यंत दुमडत नव्हता. सुनंदा माझ्याकडे पाहत होती, आणि मासोळीचा हिशेब अजून मिटला नव्हता. मी आत शिरलो. गुडघे छातीला, टॉर्च तोंडात. त्याने झाकण बंद केलं आणि पाण्याचा पाइप सोडला.

नेमक्या त्या वेळी आमच्या शाळेच्या प्राचार्य मॅडम आल्या. परीक्षेच्या कपाटाची चावी माझ्या खिशात राहिली होती. बाहेरचं सगळं मला आत स्पष्ट ऐकू येत होतं.

"सर घर पर हैं क्या?" मॅडम.

"आहेत," देवाजी म्हणाला. "डिक्कीत."

मॅडमची पावलं गाडीजवळ आली.

"मतलब?"

"काम करून राहिले, मॅडम. सर, थेंब दिसला काय?"

मी तोंडातली टॉर्च काढून म्हटलं, "डाव्या दिव्याच्या मागून येत आहे." शाळेत वापरतो त्या आवाजात म्हटलं, म्हणजे मॅडमना ओळख पटावी. मग झाकणाच्या फटीतून चावी बाहेर सरकवायचा प्रयत्न केला. ती फटीत अडकली.

आणि तेव्हा कोणीतरी हसलं. आधी बारीक, मग आवरेना असं, मध्ये खोकला येऊन परत. मी अंधारात पडल्या पडल्या विचार करत होतो की हे कोण. मॅडम असं हसत नाहीत. सुनंदाचं हसणं मला पाठ आहे, ते बहुतेक माझ्यावरच असतं. झाकण उघडलं, उजेड आला, आणि पाहतो तर खुर्चीवर आई पदर तोंडाला लावून हलत होती. तिचं हसणं मी ओळखलं नव्हतं.

मॅडम चावी घेऊन गेल्या. त्यांनी शाळेत हे कोणाला सांगितलं नाही असं त्या म्हणतात. दुसऱ्या दिवशी फळ्यावर मात्र एका गाडीचं चित्र होतं.

पाण्याची वाट सापडली होती. डाव्या मागच्या दिव्याचं रबर वाळून चिरलं होतं. देवाजीने ते बदललं, जोडांवर सीलर भरला, खालून डांबराचा थर दिला, आतून तांबडा प्रायमर मारला. टाकी परत चढली. आता नुसता रंग राहिला होता. आणि इथून पुढे काम हलेना.

मी रोज साडेचारला यायचो आणि देवाजी प्रायमर घासत असायचा. "अजून?" म्हटलं की म्हणायचा, "हात फिरवून पाहा, खडबडीत लागते." मी हात फिरवायचो. मला तो काचेसारखा लागायचा, पण माझ्या हाताचं मत विचारात घेतलं जाईल अशी माझी या घरात प्रतिष्ठा राहिली नव्हती. एक आठवडा गेला, दुसरा सुरू झाला. सुनंदाच्या भाचीचं सौंसरला लग्न होतं, आम्हांला गाडी पाहिजे होती. शेवटी मी ठरवलं की याच्या घरी जाऊन बोलायचं. आंगणात आईसमोर बोलता येत नव्हतं, ती त्याची बाजू घ्यायची.

सकाळी पायीच निघालो. वाटेत भाषणाची तालीम केली. रागावायचं असलं की मी हिंदीत तयारी करतो, शाळेची सवय. स्टेशनकडच्या एका गल्लीत तो खोली घेऊन राहतो एवढं माहीत होतं. ओट्यावर एक बाई तूर निवडत बसली होती. तिला विचारलं, देवाजी इथंच राहतात काय. ते फार बोलतात ते, हातोडीवाले.

बाईने सूप खाली ठेवलं. "देवाजी? बोलतात?"

"म्हणजे काय, दिवसभर बोलतात."

"आमचे भाडेकरू आहेत जी ते, आठ वर्षांपासून. बायको गेली तवा आले इथं. पोरगं नाई, बाळ नाई. जेवले का म्हटलं तं हो, भाजी देऊ का म्हटलं तं नको. यापरीस जास्त मी तं ऐकलं नाई." ती जरा थांबली. "एवढ्यात सकाळी उठून दाढी करून राहिले, ते पाहून मी विचारात पडली."

हो आणि नको. मी तिथे ओट्यासमोर उभा राहिलो. हे दोन शब्द माझ्या घरात दोन वर्षं होते, आणि मी वर्गात पन्नास पोरांची हजेरी घेणारा माणूस.

दार उघडलं. देवाजी बाहेर आला. केस ओले, नीट विंचरलेले, शर्टाला इस्त्री. हातात कागदाचा पुडा होता, त्यात बोरं होती. मला पाहून तो दचकला. पुडा त्याने पिशवीत हातोड्यांच्या वर ठेवला, दबणार नाही असा.

"सर, तुम्ही?"

माझं हिंदी भाषण घशाशी आलं होतं. "काही नाही," मी म्हटलं. "इकडून जाऊन राहिलो होतो."

"तिकडंच चाललो. बसा मागं."

मी कॅरियरवर बसलो. पिशवी मांडीवर घेतली. पांढुर्ण्याच्या बाजारातून एक मास्तर डेंटरच्या सायकलवर, मांडीवर हातोड्या आणि बोरं घेऊन गेला, हे त्या सकाळी ज्यांनी पाहिलं त्यांतले निम्मे माझे विद्यार्थी होते. तो रस्ताभर एक शब्द बोलला नाही. आमच्या गेटातून आत शिरला, आईला पाहिलं आणि म्हणाला, "माय, काल तुमी गोष्टीत कुठवर आल्या होत्या? नागपूरच्या डोळ्याच्या डॉक्टरपर्यंत ना?"

मी स्वैपाकघरात गेलो. सुनंदा पोळ्या लाटत होती. मी तिला सगळं सांगितलं. मला वाटलं तिला धक्का बसेल.

"काम तं मागच्या गुरुवारीच झालं," ती म्हणाली. "तवापासून काल लावलेला प्रायमर आज घासून राहिले ते. परत लावतात, परत घासतात."

"तुला माहीत होतं?"

"हो."

"आईला?"

"त्यांना तं माझ्या आधीपासून."

"मग मला काहून नाही सांगितलं?"

"तुम्ही रंग लावून घेतला असता," ती म्हणाली आणि पोळी तव्यावर टाकली.

जो माणूस वरातीच्या गाडीला सर्वांसमोर "गेला" म्हणतो, तो आठ दिवस आमच्या आंगणात खडबडीत खडबडीत म्हणत खोटं बोलत होता. एका पैशाचा फायदा नसताना. मी शाळेत गेलो खरा, पण त्या दिवशी दहावीला एकच गणित दोनदा शिकवलं आणि कोणी हरकत घेतली नाही.

पण लग्न तीन दिवसांवर आलं होतं, आणि हे देवाजीलाही ठाऊक होतं, कारण आईने त्याला भाचीच्या साड्यांसकट सांगितलं होतं. त्या संध्याकाळी मी आलो तर डिक्कीला रंग लागला होता. पांढरा, गुळगुळीत, कुठे नवा पत्रा लागतो आणि कुठे जुना संपतो ते कळू नये असा. डावा कोपरा मात्र त्याने तसाच ठेवला होता. तिथे बाबांच्या ब्रशच्या रेघा दिसत होत्या.

देवाजी नळावर हात धूत होता. मला काहीतरी करायला पाहिजे होतं, आणि मला जे सुचतं ते नेहमी थोडं मूर्खपणाचं असतं.

"देवाजी, तो समोरचा दरवाजाही पाहा जरा. मला वाटतं आतून सडला असेल."

तो आला. बोटं लावली, डोळे मिटले. फार वेळ मिटून उभा राहिला. आईही पाहत होती.

"आहे," तो हळू म्हणाला.

"नीट पाहा. खालून पाहा."

त्याने खालून पाहिलं. मग न सांगता दुसरा दरवाजा वाजवला, बोनेट वाजवलं, गाडीभोवती पूर्ण फिरून आला. एवढ्या आशेने कोणाला पत्रा वाजवताना मी पाहिलं नाही. "कसं सांगू, सर," तो म्हणाला. "सारा पत्रा चांगला आहे. साहेबानं लय जपून ठेवला."

त्याने हातोड्या एकेक करून पुसल्या आणि पिशवीत घातल्या. राहिलेला सँडपेपर घडी करून माझ्याजवळ दिला. पिशवी सायकलला अडकवली. आईची खुर्ची आता गाडीला लागून होती. तिने हातातली बोराची बी कागदावर ठेवली.

"उद्या किती वाजता येतो, मनोहर?"

त्याचं नाव मनोहर आहे हे मला तेव्हा कळलं. देवाजी हे त्याच्या बापाचं नाव, धंद्यासोबत त्याला चिकटलेलं.

"काम झालं, माय," तो म्हणाला.

"कामाचं मी कुठं पुसलं?"

तो सायकलचं हँडल धरून उभा राहिला. एकदा माझ्याकडे पाहिलं. मी सँडपेपर हातात घेऊन गप्प राहिलो. या सबंध प्रकरणात मी बरोबर केलेली तेवढी एक गोष्ट.

"नऊले येतो," तो म्हणाला.

"साडेआठले ये," आई म्हणाली. "नऊपर्यंत चहा थंडा होते."